ताकदीची गोळी

गोळी चिखलात पडली. धुण्याच्या दगडाशेजारी साबणाच्या पाण्याचा कायम चिखल असतो, त्यात. पांढरी होती म्हणून दिसली तरी. मी वाकले, दोन बोटांनी उचलली आणि तशीच तोंडात टाकली. पुसलीसुद्धा नाही. भरलेली बादली हाताशी होती, धुता आली असती. तेवढा धीर नव्हता.

ओट्यावर एक पाहुणी बसली होती. मुंबईची, हातात चहाचा मग. ती म्हणाली, "शी. चिखलातली खाल्ली तिने."

वहिनी म्हणाल्या, "ह्यांना चालतं."

दोनच शब्द. ओरडून नाही, रागावून नाही. पाहुणीला साखर हवी का असं विचारावं, तशा साध्या आवाजात. वहिनी म्हणजे वाडीच्या मालकीणबाई. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणतं, मीही म्हणायचे.

त्या दिवशी चौदा एप्रिल होता. माझ्या अंगावर पांढरी साडी होती, निळ्या काठाची. वर्षातून एकदा नेसायची ती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. आणि मी नागावच्या एका वाडीत, धुण्याच्या दगडापाशी उभी राहून चिखलातली गोळी गिळत होते. तोंडात साबणाची चव. तेव्हा मला लाज वाटली नाही, हे आधीच सांगून टाकते. गोळी पोटात गेली याचं बरं वाटलं. लाज नंतर आली आणि लाजेच्या मागोमाग राग आला. राग अजून आहे. तो जावा अशी माझी इच्छा नाही.

वाडी म्हणजे आमच्याकडे नारळ-सुपारीची बाग. बागेतच मालकाचं घर. पूर्वी सुपारी आणि नारळावर चालायचं, आता घरामागे खोल्या बांधल्या आणि समुद्रावर येणारे पाहुणे ठेवायला लागले. फाटकावर बोर्ड आहे, 'आपलंच घर'. त्या आपल्याच घराचे सगळे संडास मला पाठ आहेत. स्वयंपाकघर आतून कसं आहे ते माहीत नाही. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, बाथरूम, अंगण ही माझी कामं. माझा कप मागच्या दाराबाहेर कोनाड्यात. कान तुटलेला. चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही.

आणि चपला फाटकाशी काढायच्या. घरासमोर खळं आहे, तिथे सुपारी वाळत घालतात. पाहुणे वाळूने भरलेल्या चपला फटफट वाजवत खळ्यावरून जातात. सुपारी सोलायला येणाऱ्या बायकाही चपला घालूनच आत येतात. मीच तेवढी अनवाणी. मला हा नियम कुणी सांगितला नव्हता. पहिल्या दिवशी वहिनींनी माझ्या पायांकडे नुसतं बघितलं, आणि मी काढल्या. नियम असाच लागतो.

आजच्या काळात असं कुठे असतं, असं तुम्ही म्हणाल. आजच्याच काळात. खोल्यांचं बुकिंग मोबाईलवर होतं, वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावलाय, आणि माझा कप कोनाड्यात आहे.

गोळीची सुरुवात अशी. त्या एप्रिलच्या दोन पावसाळे आधी ओल्या चादरींची बादली उचलून दगडावरून उतरत होते. शेवाळ होतं. पाय गेला आणि बसले ती थेट माकडहाडावर. डोळ्यांपुढे काळोख आला. वहिनींनी गाडी काढली, हे खरं आहे, नाकारत नाही. मागच्या सीटवर जुनं पोतं अंथरलं होतं. साडी ओली आहे म्हणून, म्हणाल्या. अलिबागला एका खासगी डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला. हाडाला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, आराम करू द्या, थोडेच दिवस या गोळ्या द्या, मग बंद करा. हे सगळं ते वहिनींना म्हणाले. हाड माझं, बोलणं त्यांच्याशी.

गोळ्यांची पाकिटं वहिनींच्या पर्समध्ये गेली. मी हात पुढे केला होता. त्या म्हणाल्या, "तुला कळायचं नाही कधी कुठली घ्यायची ते. माझ्याकडे असू दे. ताकदीची गोळी आहे, रोज कामावर आलीस की देत जाईन."

आराम गेला उडत. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, खोल्या भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमरेला फडकं आवळून गेले. वहिनी ओट्यावर आल्या, गोळी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "हात कर." मी ओंजळ केली. त्यांनी वरून सोडली. हातभर अंतरावरून. पहिल्यांदा मला वाटलं, निसटली.

अर्ध्या तासात दुखणं गेलं. नुसतं दुखणंच गेलं असतं तर बरं झालं असतं. अंगात ऊन उतरल्यासारखं झालं. ओल्या चादरी हलक्या झाल्या. मी गाणं म्हणायला लागले, पाहुण्यांशी हसून बोलायला लागले. वहिनी म्हणाल्या, "बघ, किती कामाची झालीस." मला बरं वाटलं. कुणी आपल्याला कामाचं म्हटलं की बरं वाटतं, आमच्या रक्तात ती खोड घालून ठेवलीय.

हाड भरून आलं तरी गोळी चालू राहिली. औषधाचा दुकानदार त्यांच्या ओळखीचा, चिठ्ठी परत कधी कुणी मागितली नाही. एकाच्या दोन झाल्या, शनिवार-रविवारी गर्दी असली की त्याहून जास्त. 'आज सगळ्या खोल्या बदलायच्यात, ही एक वरची घे.' ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी गोळी नाही. म्हणून काम नाही असा दिवसच मी ठेवला नाही. सुट्टी घेतली की दुपारपर्यंत जांभया, नाक गळायचं, पाय आतून ओढायचे. मला वाटायचं, ताकद कमी पडतेय. ताकदीची गोळी ना. आगरदांड्याला माझं माहेर. भावाच्या लग्नाला गेले आणि हळद लागायच्या आत मुरुडच्या एसटीत बसून परत आले. आई म्हणाली, "नवऱ्याशी भांडलीस काय?" नवरा बिचारा रोह्याला कंपनीत कंत्राटावर, आठवड्यातून एकदा घरी. त्याला काय ठाऊक.

मग तो चौदा एप्रिल. सकाळी साडी नेसतानाच जांभया सुरू झाल्या होत्या. जोडून सुट्टी आलेली, वाडी पाहुण्यांनी भरलेली. सासूला म्हटलं, दोन मिनिटांत येते, तू विहारात हो पुढे. गोळी घेऊन परतायचं एवढंच डोक्यात होतं.

वहिनी म्हणाल्या, "आधी चादरी. मग गोळी."

मी म्हटलं, "वहिनी, आज जयंती आहे. मिरवणूक निघेल."

"मिरवणूक दरवर्षी निघते. पाहुणे आज आलेत."

मी पांढरी साडी वर खोचली आणि दगडापाशी बसले. शेवटची चादर पिळली तेव्हा त्या ओट्यावर आल्या, हातात स्टीलची छोटी डबी. माझी ओंजळ एवढी हलत होती की गोळी बोटाला लागून चिखलात गेली. पुढचं सांगितलंच आहे.

मी चादरी वाळत घालत होते तेव्हा बेंजो ऐकू आला. मिरवणूक वाडीसमोरच्याच रस्त्याने जाते. घोषणा जवळ आल्या. फाटकातून अंगण सरळ दिसतं. मी काय केलं? चादरीच्या मागे लपले. माझी माणसं माझ्या बापाचं, बाबासाहेबांचं नाव घेत रस्त्याने चालली होती आणि मी दुसऱ्याच्या ओल्या चादरीला नाक लावून उभी होते, श्वास रोखून. घोषणा पुढे जाईपर्यंत हलले नाही.

सासू मिरवणुकीत सर्वांत पुढे असते, निळा झेंडा घेऊन. म्हातारी आहे पण झेंडा दुसऱ्याला देत नाही. त्या संध्याकाळी घरी आली, झेंडा कोपऱ्यात उभा केला आणि माझ्यासमोर बसली.

"चादरीच्या खालनं तुजा काठ दिसला," ती म्हणाली. "निळा."

मी काठ पायाखाली ओढून घेतला.

"काय घेतंस तितं? खरं सांग."

"ताकदीची गोळी."

"ताकदीची? मंग ताकद कुटं हाय?"

तिने माझा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, डोळे बघितले. दारुड्यांचे डोळे तिने आयुष्यभर बघितलेत. आमच्या बौद्धवाडीतली भट्टी तिने आणि महिला मंडळाच्या बायकांनी बंद पाडली होती. पिणाऱ्यांसाठी त्यांची एक रीत आहे. माणसाच्या चपला काढून घ्यायच्या आणि विहाराच्या पायरीवर नेऊन ठेवायच्या. सगळ्या बौद्धवाडीला दिसतात. अनवाणी माणूस गुत्त्यापर्यंत जात नाही, गेला तर सगळे विचारतात चपला कुठे. उतरली, अंगातली थरथर गेली, की स्वतः विहारात यायचं, पंचशील म्हणायचं आणि चपला घालून जायचं. माझ्या चुलत सासऱ्यांच्या चपला तिथे पाऊस खाऊन कुजल्या होत्या.

"दारूचा निदान वास येतो गो," सासू म्हणाली. "तुज्या गोळीला वास पन न्हाय."

आणि तिने माझ्या चपला उचलल्या.

आता इथे आम्ही चूक केली. ती आमचीच चूक, दुसरं कुणी ती केली नसती. दारू कशी सोडवायची ते आमच्या बायकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी गोळीही दारूसारखीच सोडवायला घेतली. एका झटक्यात बंद. घरात बसवायचं, पाळीपाळीने दोघींनी पहारा द्यायचा, लिंबू-मीठ-पाणी पाजायचं, भाताची पेज द्यायची.

मी सांगते काय होतं ते. आधी नुसत्या जांभया. जबडा दुखेपर्यंत. मग डोळ्यांना आणि नाकाला धार. मग अंगावर काटा येतो तो जातच नाही. एप्रिलच्या उकाड्यात मी गोधडी घेऊन कुडकुडत होते आणि गोधडी घामाने भिजत होती. पोट रिकामं झालं तरी संडास थांबेना. पोटऱ्यांच्या आत कुणीतरी खाज सोडली होती, जिथे नख पोचत नाही. पाय आपटत राहायचे, भिंतीवर, जमिनीवर. आणि जुनं माकडहाड. ते परत जागं झालं, असं दुखायला लागलं जणू कालच पडले. शेजारी कुणीतरी बोंबील भाजले, त्या वासाने मी उंबऱ्यातच ओकले.

हे शरीराचं. मनाचं त्याहून वाईट. मी पहाऱ्यावरच्या बायकांना शिव्या दिल्या. ज्या माझं ओकलेलं पुसत होत्या त्यांनाच. सासूच्या दंडाला चावले. तुम्ही भिकारड्या, तुमच्यामुळे माझं काम जाणार, असं म्हणाले. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर माझ्याकडे बघतेय असं वाटलं म्हणून तिच्याकडे पाठ करून पडले. सासू म्हणाली, "दे शिव्या. तोंडातनं काय तरी भायेर पडूंदे."

वहिनींचा मात्र एकदाही राग आला नाही. हे लिहिताना आज माझे दात शिवशिवतात. मला त्या आठवत होत्या त्या डबीसकट, देवीसारख्या. त्यांनी दिली असती, त्या चांगल्या आहेत, असं मी घोकत होते.

एका दुपारी पहाऱ्यावरच्या बाईचा डोळा लागला. मी उठले आणि निघाले. चपला विहाराच्या पायरीवर होत्या, पण विहारासमोरून जायची हिंमत नव्हती. मागच्या वाटेने गेले, अनवाणी. वाट संपून डांबरी रस्ता लागला. एप्रिलच्या दुपारचं डांबर. पायांचे तळवे चटचट भाजत होते. मी कडेच्या गवतावरून चालायला बघितलं, तिथे काटे. परत डांबरावर. मला समुद्रावर जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या, आतली माणसं माझ्याकडे बघत होती. केस सुटलेले, साडी ओकारीने भरलेली. मला काही वाटत नव्हतं. फाटक दिसलं तेव्हा मी रडले.

वहिनी खळ्यावर सुपारी परतत होत्या. मला बघून फाटकापर्यंत आल्या. फाटक उघडलं नाही. हसल्या.

"मला ठाऊक होतं तू येशील," त्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर खाली गेली. माझ्या पायांवर. तळव्याच्या कडेला फोड आले होते, अंगठ्यातून रक्त येत होतं.

"चपला तिकडेच काढून आलीस? शहाणी झालीस हो."

त्यांनी कमरेची डबी काढली. फाटकाच्या वरून हात बाहेर आला, चिमटीत गोळी. "घे. आणि मागची कोपऱ्यातली खोली रिकामी झालीय, आधी ती कर."

माझी ओंजळ वर गेली. मी नेली नाही, तीच गेली. दोन वर्षांची शिकवण. हात जोडून, कडा जुळवून, मान खाली. मान खाली म्हणून मला माझे पाय दिसले. आणि ते शब्द कानात परत वाजले. शहाणी झालीस.

त्या चपला माझ्या माणसांनी काढून घेतल्या होत्या. मला वाचवायला. चुकीच्या रीतीने असेल, पण मला वाचवायला. आणि ही बाई समजली की मी तिच्यासाठी काढल्या. तिच्या घराचा मान ठेवायला घरापासून अनवाणी चालत आले. माझे भाजलेले पाय तिला तिचा मान वाटला. यात तिला काही वावगं दिसलं नाही, कारण तिच्या जन्मापासून तिने असेच पाय बघितले असतील.

मला जे झालं त्याला मोठं नाव देणार नाही. मला कुठला उजेड दिसला नाही. मला तिची चीड आली, एवढंच. पहिल्यांदा. पोटातून, ओकारीसारखी.

मी हात उलटे केले. तळवे खाली, मागची बाजू वर. गोळी माझ्या बोटांच्या गाठींवर आपटली, उडाली आणि फाटकाच्या आत धुळीत पडली.

"अगं, पडली. उचल," वहिनी म्हणाल्या. फाटकाची कडी काढायला हात घातला.

मी म्हटलं, "तुम्ही उचला."

"काय?"

"तुम्ही उचला आणि खा. बघू तुम्हाला चालतं का."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग ते मिटलं आणि त्यातून जे बाहेर आलं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या जातीचं नाव होतं त्यात. दोन वर्षं कोनाड्यातल्या कपात, सीटवरच्या पोत्यात, हातभर अंतरात लपवून ठेवलेलं नाव एका क्षणात ओठांवर आलं. बरं झालं. निदान स्पष्ट झालं.

मी शूर होते असं समजू नका. माझे डोळे त्या धुळीतल्या गोळीवरच होते. फाटकाखालून हात घातला असता तर पोचला असता. सबंध अंग म्हणत होतं, वाक. मी पाठ फिरवली ती शौर्याने नाही, अजून एक क्षण थांबले असते तर वाकले असते म्हणून. रस्त्यावर थोडंच अंतर गेले आणि पडले. हातपाय झाडत होते म्हणे, तोंडाला फेस होता. मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा सासू होती. माझा पत्ता काढत मागून आली होती आणि तिच्या हातात माझ्या चपला होत्या. विहाराच्या पायरीवरून उचललेल्या. रीत तिचीच, तिनेच मोडली. "रस्ता तापलाय गो," एवढंच म्हणाली.

रिक्षात घालून तिने मला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपर करणारा माणूस माझा पत्ता ऐकून शेजारच्याला म्हणाला, "ह्या लोकांच्यात नशा असतेच." मी स्ट्रेचरवरून विचारलं, "कुठल्या लोकांच्यात?" त्याने मान वर केली नाही. विचारलं, "सवय कधीपासून?" मी म्हटलं, "सवय नाही. कामावर मिळायची, चहाबरोबर." त्याने काय लिहिलं कुणास ठाऊक.

आतली डॉक्टर तरुण मुलगी होती. ती माझ्याशी बोलली. सासूशी नाही, माझ्याशी. गोळीचं नाव विचारलं, मला सांगता आलं नाही. रंग सांगितला, पाकिटावरची लाल रेघ सांगितली. तिने आपल्या मोबाईलवर दोन-तीन पाकिटांचे फोटो दाखवले, मी बोट ठेवलं. ती म्हणाली, "ही ताकदीची नाही. दुखण्याची आहे, पण अफूच्या जातीची. अशी एकदम तोडायची नसते, झटका येतो. मरता मरता वाचलात." मग सासूकडे वळून जरा चढ्या आवाजात म्हणाली, "कुणी बंद केली एका दिवसात?"

सासूला मी कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आमाला दारूच ठाव हाय, बाय. ह्यो नवा धंदा कुनाला म्हायती."

गोळी हळूहळू कमी करत आणायची असं ठरलं. डॉक्टर म्हणाली, घरच्या माणसाच्या ताब्यात ठेवा, त्यांनी रोज द्यायची. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी सासूने तांदळाच्या डब्यातून पाकीट काढलं, गोळी फोडली आणि माझ्यासमोर उभी राहून हात पुढे केला. मी खाली बसले होते. तिचा हात माझ्या हातांच्या वर. मी किंचाळले. ती दचकली, तिच्या हातून गोळी पडता पडता राहिली.

"काय झाला?"

"खाली ठेव, आये. कुठंपन ठेव. मी उचलीन."

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. तिने गोळी पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर ठेवली आणि बाहेर गेली. त्या दिवसापासून रोज तिथेच ठेवायची आणि पाठ फिरवायची. मी उठून, चालत जाऊन, घ्यायचे. कुणाच्याही हातून नाही. माझ्या सासूच्याही नाही.

यात उन्हाळा गेला आणि पाऊस लागला. गोळी कमी झाली की दर वेळी तेच, थोडं सौम्य. जांभया, घाम, पोटऱ्या. लोक विचारतात, बरी झालीस का? मी बरी झाले असं म्हणत नाही. दोरीवर पांढरी चादर दिसली की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. वाडी तर सोडाच, दुसऱ्याच्या अंगणातली चादर दिसली तरी. शरीराला ती बाई अजून चांगली वाटते. शरीराला अक्कल नसते. ती मला ठेवावी लागते.

आणि कुणाला वाटेल की मी माझ्या चुकीची कबुली देतेय, तर तसं नाही. ही कबुली नाही, तक्रार आहे. मी नशा शोधायला गेले नव्हते. मी पडले होते. मला आराम हवा होता, तो महाग पडला असता म्हणून मला गोळी दिली गेली. बैलाला पेंड घालतात तशी. दुकानाविरुद्ध अर्ज दिलाय, डॉक्टरने लिहायला मदत केली. त्याचं काय होईल ते होईल. अर्जावर बसून राहणाऱ्यांतली मी नाही.

पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावास असतो, रोज संध्याकाळी बायका जमतात. आधी पंचशील, मग वाचन. मी जायला लागले. चार शीलं सगळ्यांबरोबर म्हणायचे. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की तोंड मिटायचे. सासूच्या ते लक्षात आलं. घरी येता येता म्हणाली, "पाचव्याला गप का ऱ्हातंस? बाया बघतात."

मी म्हटलं, "अजून गोळी चालू हाय. म्हटलं तर खोटं होईल. चौथं मोडंल."

चौथं खोटं न बोलण्याचं. सासू थबकली, छत्री तशीच धरून. मग म्हणाली, "मी कंदी येवडा इचार केला न्हवता." आणि पुढे चालायला लागली.

पूर्वी मी पाचवंही म्हणायचे, दोन वर्षं, दर रविवारी, पोटात गोळी असताना. कारण नशा म्हणजे दारू, आणि गोळी म्हणजे औषध. आम्ही भट्टी फोडली, पण ओट्यावरून डबीत काय येतं ते बघितलं नाही. आमच्या माणसांना मारायच्या वाटा बदलल्या आणि आम्ही जुन्याच वाटेवर पहारा देत बसलो.

शेवटची गोळी मी पाऊस सरता सरता घेतली. त्यानंतर बरेच दिवस जाऊ दिले, खात्री होईपर्यंत. मग एका संध्याकाळी पाचवं शील म्हटलं. मोठ्याने म्हटलं, एवढं मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. माझ्या शेजारी रेश्मा बसली होती. आमच्या मागच्या घरातली नवी सून, मला काकी म्हणते. तिने वर बघितलं नाही. ती मांडीत बघत होती. आणि ती पाचव्याला गप्प नव्हती, भराभरा ओठ हलवत होती, गोळीच्या दिवसांत मी हलवायचे तशी.

विहारातून निघाल्यावर तिला विचारलं, कुठे काम लागलं? तिने वाडीचं नाव सांगितलं. त्याच. दिवाळीचे पाहुणे यायला लागलेत, म्हणाली. नाक ओढत होती. म्हटलं, सर्दी? म्हणाली, "न्हाय काकी, दमले म्हून. वहिनी चांगल्या हायत, कंबर दुखली तर गोळी देतात. ताकदीची."

मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला. मी तिला समजावलं नाही. मलाही कुणी समजावलं असतं तर मी चावले असते, चावलेच.

उद्या शनिवार आहे. रेश्मा सकाळी वाडीवर जाईल आणि मी तिच्या मागे जाणार आहे. तिला सांगितलेलं नाही. वहिनी डबी घेऊन ओट्यावर येतील. रेश्माची ओंजळ वर जाईल, कडा जुळवून, मान खाली. तेव्हा त्या ओंजळीवर मी माझा हात पालथा ठेवणार आहे. गोळी पडू दे माझ्या हाडांवर. मग हातात चहा घेऊन बसलेल्या पाहुण्यांसमोर त्या गोळीचं खरं नाव मी मोठ्याने सांगणार आहे. आता ते मला पाठ आहे. नंतर रेश्माला थेट दवाखान्यात, त्याच डॉक्टरकडे. एका झटक्यात तोडायची चूक आम्ही एकदा केली. रेश्मा रडेल, मला शिव्या देईल, तिचा नवरा येईल भांडायला. येऊ दे. वहिनींनी पोलीस बोलवावेत, गाव बोलवावं. मी तिथेच असेन.

खळ्यावर सुपारी वाळत असेल. मी फाटकाशी थांबणार नाही, बाजूने जाणार नाही. मधून जाणार आहे, ओट्यापर्यंत. चपला घालून.